फोसेनचा वारा आणि सामींची संमती

नॉर्वेतील फोसेन द्वीपकल्पावर, जेथे सामी या आदिवासी समाजाचे रेनडिअरांचे कळप हिवाळ्यात चरत, त्या स्टोरहेया व रोआन येथील कुरणांवर 151 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सामींच्या हरकती दफ्तरी नोंदल्या गेल्या, परंतु नोंदलेली हरकत योजनेस वळण देऊ शकली नाही, आणि दावा न्यायप्रविष्ट असतानाच बांधकाम पुरे झाले. बुजऱ्या रेनडिअरांना ही कुरणे निरुपयोगी होतात, असे मानून तेथील सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2021 रोजी एकमताने ठरविले की, नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील, अल्पसंख्याकांच्या सांस्कृतिक हक्कांविषयीच्या कलम 27 चा येथे भंग झाला असून परवाने अवैध आहेत. पाती मात्र फिरतच राहिली. तेव्हा 2023 च्या फेब्रुवारीत सामी तरुणांनी ओस्लोच्या ऊर्जामंत्रालयात ठिय्या दिला. आराखडा आखतानाच संमतीचा जो अधिकार द्यावयास हवा होता, त्यासाठी त्यांना असे झगडावे लागले, हा माझ्या मते उघड अन्याय होय. अखेर डिसेंबर 2023 व मार्च 2024 मध्ये फोसेनच्या दोन्ही सामी पशुपालक गटांशी तडजोड झाली, आणि विद्यमान परवान्यांची मुदत संपल्यावर या गटांच्या संमतीवाचून ती वाढविता येणार नाही, असे ठरले.