एक प्रत, एक वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय धंदा कसा चालवावा हा! माझा पुतण्या व्यवस्थापन शिकतो. तो म्हणाला, "काकू, आम्हाला तीन गोष्टी शिकवतात. नवी कल्पना, नेतृत्व आणि धोरण." मला वाटले, या तिन्ही गोष्टी मुंबईच्या सात गृहिणींनी पापड लाटता लाटता शिकून घेतल्या. त्यांचीच हकीकत सांगते.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केले. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले. तोच पुढे 'लिज्जत' पापड.

पहिल्या पावसाळ्यात ऊन मिळेना. चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! बाहेर पाऊस आणि आत पापड वाळताहेत. नवी कल्पना ती हीच.

आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगली, एक स्वस्त. छगनलाल पारेख म्हणजे छगनबाप्पा यांनी सल्ला दिला की प्रत एकच ठेवा, ती उतरू देऊ नका आणि हिशेब चोख ठेवा. हे झाले धोरण. देणगी मागायची नाही, हे तर त्यांनी आधीच ठरवले होते. आणि नेतृत्व? तेथे कोणी एक मालकीण नाही. काम करणारी प्रत्येक जण बहीण. नफा सर्वांचा, तोटाही सर्वांचा. आज तेथे हजारो बहिणी काम करतात. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली.

आता आपल्या उंद्रीची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आपणही पापड केले. डाळ आणण्याचे काम माझ्याकडे होते. भाव चढला म्हणून दुसऱ्या खेपेला मी कोणाला न विचारता हलकी डाळ घेतली. दुकानदाराने सारा माल परत केला. त्यात हिशेब माझ्या डोक्यात, वहीत एक ओळ नाही. दोघी जणींच्या मनात किंतु आला व त्यांनी मंडळात येणे सोडले. तेव्हा मला त्यांचा राग आला. आज कळते, त्यांचे काही चुकले नव्हते. वहीच नाही, तर बाईने विश्वास ठेवावा तरी कशावर?

त्या दोघींच्या घरी जाऊन मी हे बोलले आहे. आज त्या येथे बसल्या आहेत, याचा मला फार आनंद आहे.

माझी विनंती एवढीच. येत्या उन्हाळ्यात पुन्हा लाटणी हाती घेऊ. डाळ एकाच प्रतीची, आणि ती पाहायला तिघी जणी जातील. वही मंडळाच्या खोलीत राहील; जिला वाटेल तिने उघडावी. ती लिहिण्याचे काम मात्र मला देऊ नका, त्या दोघींपैकी एकीला द्या. तोटा सर्वांचा हा नियम खरा, पण सर्वांना विचारून केलेल्या कामाचा. गेल्या वर्षीचे मी एकटीने ठरवले, म्हणून तो तोटा मी एकटीच भरीन.