मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा आणि आईच्या ओव्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. कुरडयांवर बोलेन, फार तर बचत गटाच्या वहीवर बोलेन." त्यावर त्या म्हणाल्या, "ते नको. कोणाचा मोबाईल 'जागा भरली' म्हणू लागला की सगळ्या तुमच्याकडेच धावतात. त्यावरच बोला." आता हे ज्ञान मला कोठल्या शाळेत मिळालेले नाही, ठेच लागून मिळालेले आहे. ती ठेच कशी लागली तेच सांगते.

माझे माहेर लोणार तालुक्यातले. सन २०१४ च्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले असता आईच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलमध्ये भरून घेतल्या. जाते कधीचे अंगणात पालथे पडले होते. ते भावाने उचलून आत आणले, कारण जात्यावर हात ठेवल्याशिवाय आईला ओवी आठवेना. पहिली ओवी तिला परत ऐकवली तर ती म्हणाली, "हे काय व बाई, याच्यात माहा आवाज निघते?" अशा चौदा भरल्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर आई गेली.

मोबाईल माझा साधा, चार जी.बी.चा. त्यातली निम्मीअधिक जागा त्याच्या स्वतःच्याच संसारात जाई. व्हॉट्सअॅप टाकले की दुसरे काही मावेना. माझ्या दिरांचा मुलगा या कामात मोठा हुशार. तो म्हणाला, "काकू, रूट करून देतो, मग सगळं कार्डावर टाकता येईल." मला वाटले, रूट म्हणजे एस.टी.चा असतो तसा काही रस्ता असेल. मी हो म्हटले.

हे रूट म्हणजे काय ते मला पुढे समजले. आपल्या बहुतेक मोबाईलांत अँड्रॉइड नावाची व्यवस्था असते, आणि ती लिनक्स नावाच्या पायावर उभी आहे. तिच्यातला सर्वाधिकारी जो असतो त्याचे नाव रूट. आपल्या जुन्या घरांत सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, तसा हा जुडगा. प्रत्येक अॅप म्हणजे एकेक सून. तिला आपली पेटी उघडता येते, जावेची नाही. मोबाईल विकत घेतो तेव्हा तो जुडगा आपल्याला मिळत नाही, कंपनी तो कुलपात ठेवते. पैसे आपण मोजतो आणि किल्ल्या दुसऱ्याकडे, याचा मला आजही थोडा राग आहे. पण किल्ल्या खुंटीला टांगलेल्या असल्या म्हणजे चोरालाही सोय होते, हेही तितकेच खरे. म्हणूनच पैसे पाठवण्याची बरीच अॅपे रूट केलेल्या मोबाईलवर काम करायला नकार देतात.

तर पुतण्याने जुडगा काढून घेतला, कार्डाचे दोन भाग केले, आणि लिंक टू एसडी नावाच्या अॅपने माझी पुष्कळशी अॅपे दुसऱ्या भागात नेऊन ठेवली. मूळ जागी नुसती चिठ्ठी उरली, की 'माल मागच्या खोलीत आहे'. ओव्या ज्या रेकॉर्डरमध्ये होत्या तो आपल्या साठ्यासकट मागच्या खोलीत गेला. ही मागची खोली मोबाईल आपण होऊन उघडत नाही. रोज चालू होताना जुडगेवाल्याने ती उघडून द्यावी लागते. हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

सन २०१५ मध्ये एका रात्री मोबाईलवर 'नवीन अपडेट आले आहे' असे दिसले. मी बटण दाबले व झोपले. सकाळी पाहते तो निम्म्या अॅपांची चित्रे गेलेली, नुसती करडी नावे राहिलेली, आणि रेकॉर्डर दाबला की 'अॅप सापडत नाही'. मला घाम फुटला. झाले होते असे, की अपडेटने घराचा पुढचा भाग नव्याने बांधला आणि जुडगा परत कंपनीच्या कुलपात गेला. मागची खोली होती तशीच होती, उघडणारा मात्र कोणी राहिला नव्हता. आजही असेच होते. हल्लीची मुले मॅजिस्क नावाच्या साधनाने रूट करतात. ते मोबाईल सुरू होतानाच्या भागात जोड देते. अपडेट आले की तो भागच नवा येतो, जोड नाहीशी होते, आणि ती पुन्हा द्यावी लागते.

पुतण्या तेव्हा पुण्याला नोकरीला लागलेला. मी दुकानात गेले. दुकानाचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. त्याने कार्ड काढून कॉम्प्युटरला लावले, तर पडद्यावर आले की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. तो म्हणाला, "काकू, कार्ड गेलं. फॉरमॅट मारा लागते." त्याचे बोट बटणावर होते. फॉरमॅट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, पण 'मारा' हा शब्द मला आवडला नाही. मी कार्ड मागून घेतले, पदराच्या गाठीला बांधले आणि घरी आले. घरी सगळे म्हणाले, "एवढं काय त्यात!" त्या कार्डात काय आहे ते मी तोवर कोणाला सांगितले नव्हते.

माझा एक भाचा त्या वेळी शेगावला इंजिनिअरिंगला होता. गजाननमहाराजांच्या दर्शनाचे निमित्त केले आणि मेहकरहून एस.टी.ने गेले. दर्शनाच्या रांगेत उभी होते तेव्हा हात सारखा पदराच्या गाठीकडे जात होता. भाच्याने कार्ड आपल्या लॅपटॉपला लावले. त्यावर विंडोज नव्हते, उबुंटू होते. तेही लिनक्सच्याच कुळातले. तो म्हणाला, "मावशी, काहीच गेलं नाही. हा दुसरा भाग विंडोजला वाचताच येत नाही, म्हणून ते फॉरमॅट करा म्हणते." म्हणजे मोडी न येणाऱ्याने मोडीतला कागद कोरा समजून चुलीत टाकावा, तसेच ते. भाच्याने पासवर्ड घातला. आपल्या लॅपटॉपचा जुडगा त्याच्याजवळच होता. आत नुसत्या आकड्यांच्या नावांच्या फायली दिसल्या. त्याने एक लावली. आधी जात्याची घरघर आली, मग आईचा आवाज. मी त्या मुलांच्या खोलीत सर्वांसमोर रडले, त्याची लाज वाटत नाही.

चौदांपैकी बारा वाजल्या. दोन अर्ध्यावरच तुटतात. कशाने तुटल्या ते त्यालाही सांगता आले नाही. त्याने त्या सगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या व विचारले, "पुन्हा रूट करून देऊ का?" मी नको म्हटले. चार अॅपे कमी वापरीन.

आता आपल्यापैकी कोणी मोबाईल रूट करण्याच्या भानगडीत पडणार नाही. पण जागेची रड घरोघरी आहे, म्हणून थोडे सांगते. जागा भरली की लगेच कार्ड घ्यायला धावू नका. आधी सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून कोण किती जागा अडवून बसले आहे ते पाहा. बहुतेक घरी व्हॉट्सअॅपच सापडेल. सकाळच्या फुलांचे आणि देवांचे फोटो आपण पाहून विसरतो, मोबाईल ते जपून ठेवतो. व्हॉट्सअॅपच्याच सेटिंगमध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे. तेथे मोठ्या फायली आणि अनेकदा पुढे पाठवलेले व्हिडिओ वेगळे काढून दाखवलेले असतात, तेथूनच पुसावे. अॅपाची 'कॅशे' पुसली तर भीती नाही. ते भिजवून ठेवलेल्या डाळीसारखे आहे, लागली की पुन्हा भिजवता येते. त्याच्या शेजारचे 'क्लिअर डेटा' मात्र दाबू नका. त्याने पेटीच रिकामी होते. आपल्याच एका मावशींनी पैशाच्या अॅपाचे ते दाबले. पैसे बँकेत शाबूत होते, पण नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करताना दुपार गेली.

आणखी एक. सन २०१५ मध्ये अँड्रॉइडची सहावी आवृत्ती आली, तेव्हापासून काही मोबाईल नवे कार्ड घातले की विचारतात, हे मोबाईलचीच जागा म्हणून वापरू का? हो म्हटले तर कार्डाला त्या मोबाईलचे कुलूप लागते. दुसऱ्या मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर ते वाचता येत नाही. मोबाईल बिघडला किंवा पूर्ण पुसून नवा केला, तर कार्डातलेही गेले. तेथे भाच्याचे उबुंटूही काही करू शकत नाही. फोटो ठेवायचे असतील तर कार्ड वेगळेच राहू द्यावे.

जागा कमी पडली की आपल्याला वाटते, आपल्यालाच वापरता येत नाही. तसे नेहमी नसते. सन २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले ते आठवत असेल. मोबाईल कमी क्षमतेचे, पोषण ट्रॅकर हे अॅप त्यांत चालेना, तेही इंग्रजीत, आणि माहिती भरली नाही की दोष सेविकेचा. परत करताना त्यांनी जे सांगितले ते मला फार पटले होते.

माझा वेळ संपला अशी खूण चिटणीसबाई करीत आहेत. ओव्या आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत: माझ्या मोबाईलमध्ये, भाच्याकडे, आणि भावाच्या घरी एका डबीत. त्यांतली एक ऐकवावी असा आग्रह झाला म्हणून मोबाईल लाऊडस्पीकरला जोडून ठेवला आहे. आवाज बारीक आहे, तेवढा पंखा बंद करा.