घरातला मेन स्विच



या व्यासपीठावरून वत्सगुल्माच्या वाकाटकांवर बोलणारे विद्वान आपण ऐकले असतील. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे सारे बाजाराच्या ओट्यावर, हमालांच्या संगतीत आणि उसन्या पुस्तकांतून झाले. तेव्हा आम्ही बोलणार आहोत ते आपल्या घरातील एका पेटीविषयी. तिला आपण मेन स्विच म्हणतो आणि वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी, याच जिल्ह्यात, वैशाखातल्या एका दुपारी आमच्या संघटनेतल्या एका हमालाची पत्नी चालू कूलरमध्ये पाणी भरीत होती. कूलर पत्र्याचा, पाय ओल्या फरशीवर. ती चिकटली. शेजारीपाजारी धावले, आम्हीही धावलो. 'मेन बंद करा' असे सगळेच ओरडले. पण मेन आहे कुठे, हे एकालाही ठाऊक नव्हते. तो होता सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीमागे. पोती ओढून हात पोचेपर्यंत ती माउली गेली होती.

त्या रात्री घरी येऊन आम्ही आमचा मेन स्विच शोधला. त्याच्यापुढे मोर्च्याचे फलक रचलेले होते. वरच्याच फलकावर आमच्या अक्षरात लिहिले होते : 'कामाच्या जागी सुरक्षा हवी.' जी वस्तू आम्ही तीस वर्षे मालकांकडे मागत होतो, ती आम्ही आमच्या बायकामुलांना दिली नव्हती!

दुसऱ्या दिवशी परवानाधारक तारतंत्र्याने त्या घराची तपासणी केली. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणी शहाण्याने त्यात जाड तार पिळून बसवली होती. कूलरला दोन पिनांचा प्लग, म्हणजे आर्थिंग नाहीच. पण मित्रहो, तार बारीक असती तरी एवढ्याने ती बाई वाचली असती, असे समजू नका. फ्यूज असतो तो तारांच्या रक्षणासाठी. पाच अँपिअरचा फ्यूज निदान पाच अँपिअर ओलांडल्याशिवाय वितळत नाही. माणसाच्या जिवाला मात्र अँपिअरचे काही शतांशसुद्धा पुरतात. नव्या घरांतला एमसीबीही या बाबतीत फ्यूजचाच भाऊ.

माणसाला राखणारे यंत्र वेगळे. त्याला आरसीसीबी म्हणतात. दुकानात जुन्या सवयीने ईएलसीबीही म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, याचा ते हिशेब ठेवते. तीस मिलिअँपिअरची, म्हणजे अँपिअरच्या तीन शतांशाची तूट दिसली, की क्षणार्धात वीज तोडते. कारण ती तूट कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकते. हिशेबनीस असावा तर असा!

आता पाहणी कशी करावी? झाकण उघडू नका, स्क्रूला हात लावू नका. डोळे, नाक, कान एवढीच हत्यारे पुरेत. मेनपर्यंत घरातले पोरसुद्धा अंधारात पोचू शकते का? झाकणावर काळे डाग, जळका वास, गुणगुण, भिंतीची ओल आहे का? असल्यास तारतंत्र्याला बोलवा. मग मेन बंद करून सगळे घर बंद होते का, ते पाहा. इन्व्हर्टर असेल तर काही दिवे चालूच राहतील. म्हणजे मेन पाडूनही त्या तारा जिवंतच. मीटरकडून मेनमध्ये येणारी तार तर मेन बंद असतानाही जिवंत असते, हे कधी विसरू नका. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला नाही, तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आर्थिंगकडेही पाहा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते. मग आर्थिंगचा जमिनीशी नीट संपर्क राहत नाही. आपण तुळशीला रोज पाणी घालतो, तसे आर्थिंगच्या खड्ड्यालाही अधूनमधून घालावे. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा, आणि पाणी भरण्याआधी तो काढलाच पाहिजे.

मीटर आणि त्याच्या आधीची बाजू महावितरणची. तिथले सील तोडू नये, तक्रार १९१२ या क्रमांकावर करावी. मीटरपुढची जबाबदारी आपली. कोणी चिकटलेच, तर आधी मेन पाडा. वीज तुटल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावू नका. नाहीतर एकाचे दोन होतील.

कोणी म्हणेल, तारतंत्र्याचा खर्च कोणाला परवडतो? आम्ही संघटनेचा माणूस. आमचे उत्तर ठरलेले. दहा घरांनी मिळून एक तारतंत्री एका दिवसासाठी बोलवावा. भाड्याचे घर असेल तर दहा भाडेकरूंनी मिळून घरमालकाकडे जावे. एकट्याला तो दार लावील, दहांना बसायला चटई टाकील.

शेवटी एवढेच मागणे. आज घरी गेल्यावर जेवायला बसण्याआधी मेन स्विच शोधा आणि घरातल्या प्रत्येकाला तो दाखवा. त्याच्यापुढे पोती असतील तर पोती हलवा, आणि फलक असतील तर फलकही हलवा. आम्ही हलवले, पण फार उशिरा. आपली रजा घेतो.