अंकल, पीछे कौन लगा है?

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, जिथे असाल तिथे ऐका. आधीच सांगतो, मी कुठला फिटनेसवाला नाही. न्हावा शेव्याला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या कंपनीत, दिवसभर बिल ऑफ एंट्री भरतो. वय ४७. गेल्या वर्षीपर्यंत शेवटचं कधी धावलो होतो सांगू? उरणची एसटी पकडायला. तीही सुटली.

मग रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर ७.९. साडेसहाला पोचली की डायबेटीस म्हणतात. आकड्याची भीती मला वाटत नाही, आकड्यातच जन्म चाललाय. पण माझे मोठे काका याच आजारानं गेले. आधी पायाचा अंगठा काढला, मग घोट्यापासून पाऊल. ड्रेसिंगला त्यांना बाईकवर मागे बसवून मीच न्यायचो. रिपोर्ट हातात घेतला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर चपलेतून पाय काढून अंगठा बघितला.

आमच्याकडे हे घरोघरी दिसतं. आजोबांची भातशेती होती, मिठागरात मजुरीही करायचे. जमिनी गेल्या, १९८४ ला दि. बां.च्या मागे सगळा उरण तालुका रस्त्यावर आला, पाच जण गोळीबारात गेले. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर आमच्या पिढीला नोकरी मिळाली, बाईक मिळाली, खुर्ची मिळाली. चिखलातलं चालणं संपलं, पण ताटातला भात तेवढाच राहिला. डॉक्टरांचं शास्त्र मला सांगता येणार नाही, आमच्या आळीतल्या पोटांवरून बोलतोय.

तर सात वर्षं माळ्यावर पडलेले बूट काढले आणि पहाटे साडेपाचला निघालो. हायवेच्या सर्व्हिस रोडने. ट्रेलरची रांग लागलेली. एका ट्रेलरखाली ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करत बसलेला. मी धावतोय, म्हणजे माझ्या मते धावतोय, दोनशे मीटरमध्ये धाप, हात गुडघ्यावर. तो म्हणाला, "अंकल, पीछे कौन लगा है?" बाजूचे दोघे हसले. मी चालत घरी आलो आणि आठवडाभर बूट परत माळ्यावर.

मंडळी, ही लाज मोठी गोष्ट आहे. तुम्ही विशीत आहात, तुम्हाला कुणी बघितलं तर बघू दे वाटतं. पोट सुटलेल्या माणसाला पहाटेच्या अंधारातही वाटतं की अख्खं गाव बघतंय.

माझी लेक अकरावीला आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फास्ट पळताय. बोलता येईल एवढंच पळा." एवढं साधं! सगळे नवशिके हीच चूक करतात, पळायचं म्हणजे चोर पकडल्यासारखं पळायचं. तिनं फोनवर 'काउच टू फाइव्ह के' टाकून दिलं. जॉश क्लार्क नावाच्या माणसानं १९९६ मध्ये हे वेळापत्रक बनवलं. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनच दिवस. सुरुवातीला एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, असं आठ वेळा. बास. मला वाटलं, ही काय चेष्टा आहे? म्हणून तिसऱ्या आठवड्यात शहाणपणा केला, रोज धावलो. नडगी अशी दुखायला लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागे. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूंना धरून ठेवणाऱ्या दोऱ्या सावकाश तयार होतात. मधला सुट्टीचा दिवस त्यासाठी असतो. दहा दिवस बसलो, परत दुसऱ्या आठवड्यापासून सुरू केलं.

हो, आणि सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडे गेलो होतो. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, पायांची तपासणी. साखरेची गोळी चालू असेल तर धावताना साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून खिशात दोन लिमलेटच्या गोळ्या असतात. घरी आल्यावर तळपाय बघायचे, फोड आलाय का. काकांमुळे हे मला सांगावं लागलं नाही.

रस्ताही बदलला. फौजा सिंग यांचं नाव ऐकलं असेल, ८९ व्या वर्षी लंडन मॅरेथॉन धावले. जुलै २०२५ मध्ये पंजाबात आपल्या गावाजवळ रस्त्यावर गाडीनं उडवून ते गेले. आपल्याकडे तर ट्रेलर. ड्रायव्हरला उंचावरून तुम्ही दिसतच नाही, आणि धूळ वेगळी. आता मी द्रोणागिरीच्या आतल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर धावतो, रविवारी पीरवाडीच्या किनाऱ्यावर, ओहोटी बघून. ओली वाळू बरी, कोरडी पोटऱ्या खाते.

मधे लेकीनं लता करेंची रील पाठवली. नऊवारी, अनवाणी पाय, तुम्हीही पाहिली असेल. २०१४, बारामती. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीला पाच हजारांचं बक्षीस होतं. शेतमजुरी करणारी, साठी ओलांडलेली बाई उतरली आणि जिंकली. पुढे 'लता भगवान करे' सिनेमात त्यांनी स्वतःचंच काम केलं, ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांना माझा नमस्कार. पण खरं सांगू? मला रील बघून जोर नाही आला, राग आला. दवाखान्याच्या पैशासाठी म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी लागते, आणि आपण त्याला ढोल-ताशाचं म्युझिक लावून 'मोटिवेशन' म्हणून फिरवतो. शिवाय त्यांच्या पायात जन्मभराचं रान होतं. माझ्या पायात खुर्ची. मी त्यांच्याशी बरोबरी करायला गेलो असतो तर दवाखान्यातच पोचलो असतो.

पावसाळ्यात सगळं बोंबललं. पाच आठवडे नाही गेलो, श्रावण संपला, लग्नाघरच्यासारखं जेवलो. परत गेलो तर पाच मिनिटांत धाप. चौथ्या आठवड्यावर परत आलो. कमीपणा वाटला, पण या वेळी बूट माळ्यावर नाही गेले.

आज हिशोब असा: पाच किलोमीटर, ४३ मिनिटं. झरझर चालणारा माणूस मला गाठू शकतो. साखर ६.८. गोळी चालूच आहे, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच सुटेल. रात्रीचा भात निम्मा केला, जेवण आठच्या आत. कशामुळे किती उतरली, देव जाणे.

अटल सेतूवर फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅरेथॉन झाली, तेव्हा ऑफिसातल्या पोरांचे फोटो बघून मी म्हणालो होतो, येडी झालीत ही. आता तीच पोरं विचारतात, "काका, पुढच्या वेळी दहा किलोमीटर?" बघू. तो ड्रायव्हर काही परत दिसला नाही. दिसला तर चहा पाजणार आहे, उत्तर द्यायचं राहिलंय.

चला, ठेवतो. उद्या बुधवार, साडेपाचचा गजर लावलाय. बूट दाराशी ठेवले होते, आईनं उचलून आत नेलेत, कुत्रा पळवील म्हणून.