उष्माघात आणि शरीर

‘ऊन लागणें’ हे शब्द आपण फार सहजपणें उच्चारतों. जणूं खिशांत कांदा ठेवला कीं काम झालें! १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघरच्या मैदानावर भर उन्हांत बसलेल्या समुदायांतील १४ जण दगावले. त्या दिवशीं पारा कांहीं नागपूरच्या वैशाखाइतका चढलेला नव्हता. परंतु किनाऱ्याची हवा दमट. आणि घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो वाळला तरच अंग निवतें.

अंगाची उष्णता ४० अंश सेल्सिअसपलीकडे गेली कीं प्रथम मेंदू गोंधळतो. रोगी असंबद्ध बोलतो, झोकांड्या देतो, त्यास झटके येतात. मागोमाग रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते. मूत्रपिंडें व यकृत निकामी होऊं लागतात. हा ताप नव्हे. तापांत मेंदू स्वतःच उष्णतेची पातळी वर चढवितो आणि गोळी ती खालीं आणते. येथें मेंदूनें कांहींच चढविलेलें नसतें; म्हणून तापाची गोळी व्यर्थ, आधींच पोळलेल्या यकृतास क्वचित् अपायकारकही.

गाडी येईपर्यंत स्वस्थ बसूं नये. रोग्यास सावलींत निजवून, कपडे उतरवून, सर्वांगावर गार पाणी ओतीत राहावें व वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास मात्र मुखांत पाणी घालूं नये. तें श्वासनलिकेंत उतरतें.