गाळातले पाणी



गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ इतका मऊ, की चार माणसे नुसत्या हातांनी नळ खाली उतरवतात. तळ्यांच्या पाण्याने पोरे हगवणीत दगावत, म्हणून १९७० नंतर बांगला देशात असे लाखो नळ बसले. हेतू चांगलाच होता. पण वरच्या करड्या, कोवळ्या गाळात पालापाचोळा कुजतो, प्राणवायू संपतो, आणि लोहाच्या गंजाला चिकटलेला सोमल जंतूंमुळे सुटून पाण्यात उतरतो. ना रंग, ना वास, ना चव! खालच्या जुन्या, तांबूस वाळूतले पाणी बहुधा निर्धोक. पण शेदीडशे मीटर नळ नेण्याची ऐपत गरिबाची कुठली?

१९८३ साली कलकत्त्याच्या डॉ. के. सी. साहांनी रोग्यांच्या कातडीवरून हे दुखणे ओळखले. तरी १९९२ साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने पलीकडच्या काही विहिरींचे पाणी तपासले, त्यात सोमल पाहिलाच नाही. गावकऱ्याचा दावा लंडनला गेला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो फेटाळला. पाहिले नाही, म्हणून जबाबदारी नाही, हा युक्तिवाद आम्हां कामगारांच्या माणसांना चांगलाच परिचयाचा आहे.

पुढे दूषित नळांना तांबडा रंग दिला, चांगल्यांना हिरवा. पण हिरवा नळ असतो शेजाऱ्याच्या अंगणात, आणि रोज घागर घेऊन तिथे जायचे ते घरच्या बाईने.