लेणी पाहण्याजोगी करणारा माणूस



पुढच्या महिन्यात मंडळाची सहल अजिंठ्याला निघायची आहे, म्हणून आज तिथलेच काही सांगावे, असा मला हुकूम झाला. बुद्धाविषयी नि पद्मपाणीविषयी सांगणारे वाटाडे तेथे पुष्कळ भेटतील. मी सांगणार आहे ते गुलाम याजदानी यांच्याविषयी.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण दिसणे निराळे आणि चारचौघांना दाखविणे निराळे! आपले नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते, तसेच अजिंठाही. १९१४ मध्ये हैदराबादेत पुरातत्त्व खाते निघाले. मूळचे दिल्लीचे याजदानी त्याचे प्रमुख झाले व १९४३ पर्यंत राहिले.

पाहुणे यायचे म्हटले की आपण आधी भिंतींचे पोपडे पाहतो. त्यांनीही तेच पाहिले. अजिंठ्याचा गिलावा म्हणजे माती, भुसा आणि गवताचे तंतू; आपल्या सारवलेल्या भिंतीची थोरली बहीणच म्हणा ना. तो सुटून चित्रांसकट खाली येत होता. १९२० साली चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन कारागीर बोलावले गेले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरविला. वर दिलेला लाखेचा हात पुढे पिवळा पडला, तो नंतरच्यांना काढावा लागला. त्याबद्दल पुष्कळजण नाक मुरडतात. मला विचाराल तर, गिलावाच गळून पडला असता तर पिवळे पडायलाही काही उरले नसते.

दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. १९३० ते १९५५ या काळात त्यांनी ‘अजंता’ हा ग्रंथ चार भागांत, रंगीत चित्रांसह काढला. ज्यांना तेथवर जाणे जमत नव्हते, त्यांच्यापुढेही ती चित्रे आली. घर सोडणे किती अवघड, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता गर्दी इतकी की माणसांच्या श्वासातला दमटपणाही चित्रांना बाधतो. मोटारी फर्दापूर फाट्यावरच थांबवितात.

म्हणून एक सुचवते. त्याआधी एका रविवारी औसा तालुक्यातल्या खरोशाला जाऊ. तेथेही लेणी आहेत. नरसिंह आहे, शिवपार्वती आहेत. लातूरहून सकाळी निघालो तर दुपारी परत. डबे मात्र लेण्यांबाहेर, झाडाखाली उघडायचे. नावे मी आजच लिहून घेते.